आजोबांचा रेडिओ का गुणगुणतो?



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे नववीचा 'ध्वनी'चा तास आमच्याकडे आला होता. आम्ही कला शाखेचे पदवीधर. कंपनसंख्येची व्याख्या फळ्यावर लिहून देऊन वेळ निभावून न्यावी, एवढाच आमचा बेत होता. इतक्यात एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या घरचा जुना रेडिओ बातम्या कमी देतो आणि गुणगुणतोच जास्त. शिवाय कधी कधी तो चावतो." वर्ग हसला. हमिंग करणारा रेडिओ म्हणजे हुमनाबादच्या बाजारातूनच आणलेला असणार, अशी मल्लिनाथी त्याच्या शेजाऱ्याने केली आणि आम्हालाही हसू आवरेना. परंतु 'चावतो' हा शब्द मात्र घरी पोहोचेपर्यंत आमच्या मनातून गेला नाही. दुसऱ्याच दिवशी सायंकाळी आम्ही राजेश्वरातील त्या घरी गेलो.

संच देखणा होता. शिसवी रंगाची लाकडी पेटी, पुढे विणलेले कापड आणि काचेच्या पट्टीवर दिल्ली, मुंबई, कोलंबो अशी दूरदूरच्या केंद्रांची नावे. विद्यार्थ्याच्या आजोबांचे वडील सोलापूरच्या गिरणीत कामाला होते. त्यांनी तो १९६४ साली तेथेच घेतला आणि पुढे गावी आणला. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, त्या काळातील ही वस्तू. आजोबा म्हणाले, "मास्तर, गुणगुण गेली तर उत्तम, नाही गेली तरी चालेल. पण त्याचं पोट फाडून ठेवून देऊ नका."

त्यांचा जीव त्या पेटीत का गुंतला होता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपला हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हैदराबादचे नभोवाणी केंद्र १९३५ मध्ये निजाम सरकारच्या ताब्यात आले आणि 'डेक्कन रेडिओ' म्हणून ओळखले गेले. १९५० च्या एप्रिलपासून ते आकाशवाणीकडे आले. पुण्याचे केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९५५-५६ मध्ये तेथून दर आठवड्याला प्रसारित होणाऱ्या गीतरामायणासाठी लोक शेजाऱ्यांच्या ओसरीवर गोळा होत. आमची मातृभाषा कोंकणी. आमच्या गोव्यात १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे सरहद्दीवरील जंगलातून गुप्तपणे एक केंद्र चालवीत आणि कोंकणीतून व पोर्तुगीजमधून स्वातंत्र्याची वार्ता सांगत. हे सारे काचेच्या व्हॉल्ववर चालणाऱ्या अशाच पेट्यांतून लोकांच्या कानी आले. असो. आजोबांच्या पेटीकडे वळू.

प्रथम आम्ही काहीही न उघडता फक्त ऐकले. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून व्हॉल्व तांबूस उजळताना दिसले आणि अर्ध्या मिनिटाने एक जाड, अखंड 'गूं' सुरू झाले. हा आवाज येतो कोठून? आपल्या घरातील वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे ती एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होते. व्हॉल्वना काम करण्यासाठी मात्र एकाच दिशेने वाहणारा, संथ प्रवाह लागतो. प्रवाहाला एकदिश करण्याचे काम एक व्हॉल्व करतो. परंतु त्याच्यातून वीज धारेने न येता हिसक्यांनी येते. हे हिसके पुरते शमले नाहीत, तर ते कर्ण्यापर्यंत पोहोचतात. त्यांनाच आपण गुणगुण म्हणतो. शाळेतील प्रार्थनेची पेटी आणून आम्ही एक मौज करून पाहिली. खर्जाचे सूर उघडून पहिल्या सप्तकातील पांढरी पाच दाबली, तो रेडिओचा सूर तिच्याशी जवळजवळ जुळला! त्या पट्टीची कंपनसंख्या सुमारे ९८ असते. ५० आणि १०० ही दोन्ही एकाच स्वराची दोन सप्तके असल्यामुळे गुणगुण यांपैकी कोणतीही असो, ती पांढरी पाचशी मेळ खाते. म्हणजे हा आवाज कोण्या केंद्राचा नव्हे, आपल्या घरच्या विजेचाच आहे, एवढे कानांनी ठरले.

याच वेळी विद्यार्थ्याच्या थोरल्या बहिणीने पुढे येऊन अभिमानाने एक युक्ती सांगितली. रेडिओचा प्लग जुना, दोन पिनांचा. तो एका बाजूने लावला की गुणगुण जास्त होते, उलटा फिरवून लावला की कमी होते. म्हणून कमी गुणगुणण्याची बाजू ध्यानात राहावी यासाठी तिने प्लगवर लाल नखरंगाचा ठिपका दिला होता. युक्ती चतुराईची होती. आम्ही टेस्टर काढून रेडिओच्या एका कळीपाशी नेला. तिची बाकेलाइटची टोपी कधीच हरवली होती आणि उघडी धातूची दांडी चिमट्याने फिरवण्याचा प्रघात पडला होता. दांडीला टेस्टर लागताच आतला दिवा लख्ख पेटला. प्लग फिरवला, तो विझला. ठिपक्याची बाजू, जिने गुणगुण कमी होत असे, तीच मारणारी बाजू होती. मीटरने मोजले तेव्हा दांडी आणि जमीन यांच्यामध्ये २३० च्या जवळ व्होल्ट निघाले.

असे का व्हावे? विजेवर चालणारे जुने संच मुख्यतः दोन जातींचे. पहिल्या जातीत ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो घरच्या विजेला आतील भागांपासून अलग ठेवतो. दुसऱ्या जातीला कारागीर एसी-डीसी संच म्हणतात. कलकत्त्यासारख्या शहरांच्या जुन्या भागांत एकदिश वीजपुरवठा होता आणि एकदिश प्रवाहावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून दोन्ही विजांवर चालणारे हे संच निघाले. स्वस्त पडत असल्यामुळे ते इतरत्रही पुष्कळ खपले. या संचांत विजेची एक तार सरळ धातूच्या सांगाड्यालाच, म्हणजे चासीला, जोडलेली असते. ती तार न्यूट्रल निघाली तर ठीक. प्लग उलटा बसला आणि फेज चासीवर आली, तर संपूर्ण सांगाडा, कळ्यांच्या दांड्या, तळाचे स्क्रू हे सारे २३० व्होल्टवर उभे असते. रेडिओ गातो मात्र दोन्ही वेळा सारखाच.

आता थोडे गणित करा. माणसाच्या शरीराचा रोध त्वचा कोरडी की ओली यावर पुष्कळ बदलतो. सोयीसाठी तो २३०० ओहम धरू. २३० भागिले २३०० म्हणजे ०.१ अँपियर, अर्थात १०० मिलिअँपियर. एवढा प्रवाह छातीतून सेकंदभर वाहिला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. आजवर त्या घरात नुसते झटके बसले, ते पायांतील चपला आणि कोरडी फरशी यांच्या कृपेने. आजी तो रेडिओ ओल्या फडक्याने पुसत असत, हे ऐकून आम्ही प्लग काढला आणि दुरुस्ती होईपर्यंत तो आमच्याच खिशात ठेवला.

एका शेजाऱ्याने आणखी एक उपाय सुचवला होता : चासीच्या स्क्रूला तार बांधून ती हातपंपाला जोडावी, गुणगुण जाते. ट्रान्सफॉर्मरच्या संचात हे कदाचित चालेलही. परंतु या संचात फेज चासीवर असताना कोणी तसे केले, तर एक तर फ्यूज उडेल, नाही तर उन्हाळ्यातील कोरड्या जमिनीत विजेला पुरेशी वाट न मिळाल्यामुळे फ्यूज उडणारच नाही आणि हातपंप वीजभारित होईल. गुणगुण घालवण्याचे असले घरगुती उपाय करण्यापूर्वी संच कोणत्या जातीचा आहे, हे पाहिलेच पाहिजे.

पुढचे काम एकट्याने करण्याचे नव्हते. हुमनाबादेत पूर्वी रेडिओची दुकानदारी केलेले एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांना आम्ही विनंती केली. ते एक जड पेटी घेऊन आले. तो विलगक ट्रान्सफॉर्मर होता. २३० व्होल्ट घेऊन २३० व्होल्टच देणारा, म्हणून विद्यार्थ्यांना तो निरुपयोगी वाटला. परंतु त्यातून निघणाऱ्या दोन तारांचा जमिनीशी काहीही संबंध उरत नाही, त्यामुळे त्यांतील एकच तार चुकून हाताला लागली तर मंडल पुरे होत नाही. दोन्हींना हात लागला तर मात्र हा ट्रान्सफॉर्मर वाचवीत नाही आणि घरच्या मीटरजवळचा आरसीसीबीही अशा वेळी गप्प राहतो, कारण त्याच्या दृष्टीने जमिनीकडे काही गळतच नसते. म्हणून मिस्त्रींचा डावा हात सदैव पाठीमागे. आम्हाला लहानपणीचे मडगाव आठवले. तेथील एक म्हातारे रेडिओ कारागीर प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी हेच सांगत : "एक हात बोल्सांत दवर." बोल्स म्हणजे खिसा. मुलांना आम्ही दोन्ही हात मागे बांधून, टेबलापासून दोन पावले दूर उभे केले. एका विद्यार्थ्याला मुख्य बटणापाशी ठेवले. 'बंद' म्हणताच बटण दाबायचे, एवढेच त्याचे काम.

मागचा पुठ्ठा काढला. आत साठ वर्षांची धूळ, पालीची अंडी आणि पाच व्हॉल्व. त्यांवरची अक्षरे कशीबशी वाचता आली : यूसीएच ८१, यूएफ ८९, यूबीसी ८१, यूएल ८४, यूवाय ८५. या पाचांचे तापणारे तंतू माळेतील दिव्यांसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एक काढला की सारे विझतात. त्यांना अनुक्रमे १९, १२.६, १४, ४५ आणि ३८ व्होल्ट लागतात. बेरीज १२८.६. माळेतून ०.१ अँपियर वाहतो. मग २३० पैकी उरलेले सुमारे १०१ व्होल्ट कोठे जातात? ते एका मोठ्या रोधकात उष्णता होऊन जातात. त्याचा रोध किती आणि तो किती वॉट उष्णता देतो, हे तुम्ही काढून पाहा. त्या रोधकाजवळ उष्णता अडवणारा एक पांढुरका पुठ्ठा होता. जुन्या संचांत तो ॲसबेस्टॉसचा असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून मिस्त्रींनी तो खरवडला नाही की झटकलाही नाही.

प्लग काढलेला संच निर्जीव असतो, असे आपण समजतो. येथे तसे समजू नये. प्रवाहाचे हिसके शमवणारे जे संधारित्र असते, ज्याला बाजारात कंडेन्सर म्हणतात, ते विजेचा साठा धरून ठेवते. २३० व्होल्ट हे परिणामी (आरएमएस) मान. त्याचे शिखर ३२५ व्होल्ट. ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३२५ व्होल्टवर सुमारे २.६ ज्यूल ऊर्जा साठवतो, म्हणजे एक किलोचे वजन अर्ध्या हाताहून किंचित अधिक उचलावे इतकी. धक्क्याने हात जोरात झटकला जाऊन भलतीकडेच आदळतो तो मात्र हिने नव्हे, आपल्याच स्नायूंच्या आकुंचनाने. चालता संच बंद केला तर गरम व्हॉल्व हा साठा काही क्षणांत पिऊन टाकतात. परंतु बिघडलेल्या संचाचा काय भरवसा? तेथे तो साठा बराच वेळ दबा धरून बसू शकतो. काही लोक स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून कंडेन्सर रिता करतात. मोठी ठिणगी उडते, धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो आणि कंडेन्सरही दुखावतो. मिस्त्रींनी तसे केले नाही. लांब, रबरी वेष्टनाच्या तारांना जोडलेला २२०० ओहमचा जाड रोधक त्यांनी कंडेन्सरच्या दोन टोकांना लावून धरला. हिशेबाने अर्धा सेकंद पुरे. ते मुलांकडून दहापर्यंत मोठ्याने मोजून घेत. मग मीटर लावून शून्य पाहिले, थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, कारण अशा कंडेन्सरवर थोडा भार आपोआप परत उमटतो. त्यानंतरच त्यांचे बोट आत गेले.

रोगाचे निदान त्या मानाने सोपे होते. संच ट्रान्सफॉर्मरवरून, आणि एकापुढे एक जोडलेल्या ६० वॉटच्या दिव्यातून, पुन्हा चालू केला. आत कोठे तारा चिकटल्या असत्या तर दिवा लख्ख पेटून तसाच राहिला असता. तो क्षणभर उजळून मंद झाला. मग दिवा काढून आवाजाची कळ पूर्ण खाली आणली. गुणगुण तसूभरही कमी झाली नाही. ती गेली असती, तर दोष कळीच्या अलीकडच्या भागात शोधावा लागला असता. आता तो पलीकडे, म्हणजे शेवटचा यूएल ८४ आणि वीज शमवणारे कंडेन्सर यांच्यात होता, हे ठरले.

कंडेन्सरचे काम आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीसारखे आहे. नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येते, पण टाकी भरलेली असली की घरातली तोटी केव्हाही संथ चालते. टाकी गाळाने भरून लहान झाली, तर मधल्या काळात धार तुटू लागते. या कंडेन्सरात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणि त्याला लागून एक ओलसर द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो द्रव सुकतो. पेटीवर ५० मायक्रोफॅरड असे छापलेले होते. सुटा करून मोजला तेव्हा जेमतेम ९ भरला. स्थूल हिशेब असा : संच ०.०६ अँपियर घेतो आणि हिसके सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने येतात, तर ५० मायक्रोफॅरडवर मधल्या वेळात दाब सुमारे २४ व्होल्टने उतरेल. कंडेन्सर १० मायक्रोफॅरडचा झाला, तर त्याच हिशेबाने १२० व्होल्टने! एवढा हेलकावा असताना रेडिओ गुणगुणेल नाही तर काय करील?

परंतु मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत आणि त्यांचा हा विवेक आम्हाला फार आवडला. यूएल ८४ च्या ग्रिडवर त्यांनी मीटर लावला. तेथे शून्य किंवा किंचित ऋण दाब असावा; निघाला पाच व्होल्ट धन. म्हणजे अलीकडच्या व्हॉल्वमधून ध्वनी आणून देणारा मेणकागदाचा छोटा कंडेन्सर गळत होता. त्यामुळे यूएल ८४ गरजेपेक्षा अधिक प्रवाह ओढत होता. टाकी लहान झालेली आणि तोटीही उघडी राहिलेली. मोठा कंडेन्सर बदलून हा तसाच ठेवला असता, तर गुणगुण कमी झाली असती, आजोबा खूश झाले असते आणि सहा महिन्यांत व्हॉल्व जळाला असता.

जुने कंडेन्सर सोडवून त्यांच्या जागी ४७ मायक्रोफॅरडचे, ४५० व्होल्ट सोसणारे दोन बसवले. धन टोक धनाला, ऋण ऋणाला. हे उलटे झाल्यास ते तापून फुटतात. याहून पुष्कळ मोठे बसवले तर गुणगुण आणखी कमी होईल ना, असे एका मुलीने विचारले. प्रश्न उत्तम होता. परंतु पहिला कंडेन्सर फार मोठा असला, तर प्रत्येक हिसक्याला तो यूवाय ८५ मधून अतोनात प्रवाह खेचतो आणि त्या व्हॉल्वचे आयुष्य संपवतो. म्हणून मूळ मापाच्या आसपासच राहायचे. मेणकागदाच्या जागी ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टरचा कंडेन्सर आला. आणखी एक लहानसा कंडेन्सर गुणगुणीशी संबंध नसताही बदलला : एरियलचे भोक आणि चासी यांमधला. तो फुटला तर फेज सरळ एरियलच्या तारेवर येते. त्या घरची एरियलची तार गच्चीवर बांधलेली होती आणि तिच्यावर कपडे वाळत होते. तेथे मुद्दाम सुरक्षेसाठी बनवलेला, वाय वर्गाचाच कंडेन्सर लावला.

मग चावण्याचा बंदोबस्त. दोन पिनांचा प्लग कापून तीन पिनांचा बसवला आणि न्यूट्रल चासीकडे येईल अशी जोडणी केली. अर्थिंगची पिन मोकळीच ठेवली, कारण या जातीच्या चासीला जमीन जोडायची नसते. परंतु भिंतीतील सॉकेटच उलटा जोडलेला असेल तर? होताच! वायरमनकडून तो सुलटा करून घेतला. हरवलेल्या टोपीच्या जागी नवी बसवली, टोप्यांच्या स्क्रूंची भोके मेणाने बुजवली, मागचा पुठ्ठा घट्ट लावला. इतके करूनही आजींना सांगितले, की प्लग काढल्याशिवाय फडके लावायचे नाही.

सायंकाळी संच लावला. अर्धे मिनिट गेले. काहीच ऐकू येईना, तेव्हा मुलांचे चेहरे उतरले. मिस्त्रींनी काट्याची कळ फिरवली आणि खरखरीतून एकाएकी एक बाई कानडीत स्पष्ट बोलू लागली. कान कापडाला लावला तरच मागे अगदी बारीक 'गूं' कळत होते; या संचांत ते नवे असतानाही तेवढे असेच, असे मिस्त्री म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आजोबा मात्र विचारात पडलेले दिसले. आम्ही कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "मास्तर, काम झकास झालं. पण केंद्र लागलेलं नसलं की आता हा चालू आहे का बंद, ते कळायचं कसं?" आम्ही पट्टीकडे पाहिले. काचेमागचा छोटा दिवा केव्हाच जळून गेला होता आणि त्याची जागा कोणीतरी तारेचा तुकडा टाकून भरून काढली होती. इतकी वर्षे त्या घराला रेडिओ चालू असल्याची खूण ती गुणगुणच होती. मिस्त्रींनी पुन्हा प्लग काढला, रोधक उचलला आणि मुले आपण होऊनच दहापर्यंत मोजू लागली.